दुभत्या शेळ्या, शाळेचे डबे आणि घरातली माणसं: तुमचं कसं चाललंय?

नीरेकाठी

नमस्कार मंडळी. शेळीपालनावर धागे इथे भरपूर आहेत, पण बहुतेक शंभर शेळ्यांचं शेड, कर्ज, अनुदान आणि नफ्याचं गणित या अंगाने जाणारे. आमचा प्रकार तसा नाही. भोर तालुक्यात तीस गुंठे, त्यात घर, परसबाग, भाताची दोन खाचरं आणि कुंपणाला लावलेली शेवरी-शेवगा. घरात मी, नवरा (शिरवळच्या एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी), सासूबाई, चौथीतली लेक आणि बालवाडीतला लेक. शेळ्या संगमनेरी, दोन दुभत्या आणि एक पाट (अजून न व्यालेली तरुण शेळी). घरचं दूध, बागेला लेंडीखत, एवढ्यासाठीच.

मला बोलायचंय ते दूध किती निघतं यावर नाही. माझं ठाम मत झालंय की घरगुती शेळ्या किती ठेवायच्या हे चारा किती यावर ठरत नाही, घरात धार काढणारे हात किती आणि ते कधी मोकळे असतात यावर ठरतं. चारा विकत आणता येतो. सकाळी साडेसहाला, गॅसवर भाजी, लेकीची वेणी अर्धी आणि शाळेची गाडी सव्वासातला येणार अशा वेळी तिसरा हात आणता येत नाही.

आम्ही दोन गोष्टी ठरवून टाकल्या, त्याने घर सुरळीत चाललंय.

पहिली, धार दिवसातून एकदाच. करडं पहिले दोन-तीन आठवडे आईजवळच, रात्रंदिवस. त्यांनी नीट चारा कुरतडायला सुरुवात केली की रात्री आठला जाळीपलीकडे वेगळी. अंतर असं की आई दिसते, वास येतो, पण सडापर्यंत तोंड पोचत नाही. सकाळी सहाला धार काढायची आणि लगेच करडं सोडायची. दिवसभर ती आईजवळ. संध्याकाळची धार करडंच काढतात. यात दूध निम्म्यावर येतं हे खरं, पण दोघींचं मिळून दीड लिटरच्या आसपास घरात येतं, चहा आणि मुलांना पुरतं. शिवाय करडं अंगानं भरतात. एक पथ्य मात्र पाळायचं: करडांना एकच सड आवडायला लागला की दुसरा तटतटतो, म्हणून रोज संध्याकाळी कासेवरून हात फिरवायचा. दोन्ही बाजू सारख्या मऊ हव्यात.

दुसरी, वेत कधी येणार ते आम्ही ठरवतो, शेळी नाही. आपल्याकडच्या शेळ्या बाराही महिने माजावर येतात, दर 18 ते 21 दिवसांनी, आणि भरल्यापासून साधारण 150 दिवसांनी वितात. घरात बोकड नाही. शेजारच्या वाडीत आहे, त्यामुळे तारीख आपल्या हातात राहते. एक शेळी जूनच्या मध्यावर भरवतो, ती नोव्हेंबरात विते. दुसरी सप्टेंबरात, ती फेब्रुवारीत. म्हणजे डिसेंबर ते जून घरात दूध. जुलैपासून दोघीही आटलेल्या, कारण तेव्हा भाताची लावणी असते आणि घरातलं एकही माणूस रिकामं नसतं. पावसात दूध गवळ्याकडून घेतो. वर्षाला एकच वेत. शेळीला विश्रांती मिळते आणि आम्हालाही.

कुठली कधी भरली, कधी औषध पाजलं, सगळं भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी. ते लिहिण्याचं काम लेकीचं. अक्षर छान आहे आणि विसरत नाही.

आता तुमच्याकडून ऐकायचंय. लग्नकार्याला सगळं घर दोन दिवस बाहेर गेलं तर काय करता? नर करडांचं काय करता? आणि घरातली कामं कशी वाटून घेतली आहेत? विशेषतः ज्यांच्याकडे लहान मुलं आणि म्हातारी माणसं दोन्ही आहेत त्यांनी जरूर लिहा.

---

बालाघाट

ताई, चांगला विषय काढलात. मी तुळजापूरकडचा. आमच्याकडे उस्मानाबादी. माझ्या लहानपणी दारात दोन-तीन शेळ्या कायम असायच्या आणि त्या आईच्या होत्या. जमीन वडिलांची, बैल वडिलांचे, शेळ्या आईच्या. करडू विकलं की पैसा आईच्या लुगड्याच्या गाठीला, त्यावर कुणी हक्क सांगायचा नाही. आमच्या वह्या-पुस्तकं आणि बहिणीची बारावीची फी त्यातून झाली. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं शेळी हे किरकोळ जनावर, तेव्हा मला पटत नाही.

एका गोष्टीवर मात्र मतभेद. वर्षाला एकच वेत म्हणजे शेळीची ताकद वाया घालवणं. आमच्याकडे दोन वर्षांत तीन वेतं सहज होतात, उस्मानाबादीला जुळी भरपूर, आणि हाच तर या जनावराचा गुण. व्याल्यावर अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा भरवली तर काही बिघडत नाही, खुराक मात्र हवा.

लग्नकार्याचं म्हणाल तर आमच्याकडे तो प्रश्नच येत नसे. शेजारची चुलती यायची. तिचं कार्य असलं की आई जायची.

---

नीरेकाठी

@बालाघाट, दादा, तुमच्या आईंबद्दल वाचून फार बरं वाटलं. वेतांबद्दल तुमचं गणित विक्रीसाठी बरोबरच आहे. पण तिसरं वेत म्हणजे कुठलं तरी एक ऐन पावसाळ्यात, ओल्या गोठ्यात, नवऱ्याची रात्रपाळी आणि मी एकटी. जुळी करडं विकण्यासाठी आम्ही हे करत नाही. दूध हवं, तेही सहा-सात महिने.

चुलतीचा मुद्दा लाखमोलाचा. आमच्या वाडीत आता गायी-म्हशीवाली घरंही मोजकीच उरलीत, आणि शेळीची धार काढता येणारी त्याहून कमी.

---

कातळसडा

रत्नागिरी जिल्हा, कोकण कन्याळ दोन. ही जात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने निवडून पुढे आणली, सिंधुदुर्गात निळेलीला त्यांचं केंद्र आहे. आमच्या पावसात टिकते, हाच तिचा मोठा गुण.

नीरेकाठी, तुम्ही पावसाळा सोडलात हे शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे जून ते सप्टेंबर शेळी अंगणात पाय ठेवत नाही. पाण्याचा थेंब अंगावर पडला की ओरडून घर डोक्यावर घेते. आम्ही गोठा जमिनीपासून हातभर वर, सुपारीच्या फळ्यांचं मचाण करून बांधला. फळ्यांत बोटभर फट, लेंड्या-मूत खाली पडतं, शेळी कोरडी राहते. खुरं सडण्याचा त्रास त्यानंतर नावालाही नाही. फट जास्त ठेवू नका, करडाचा पाय अडकतो.

पावसात पाला रोज दारात आणून टांगायचा. फणसाचा पाला म्हणजे आमच्या शेळ्यांचा जीव की प्राण. मग गिरिपुष्प, वड, उंबर. गिरिपुष्प ताजा दिला तर आधी तोंड फिरवतात, अर्धा दिवस सुकवून दिला की खातात. तोडून आणणं माझं, टांगणं मुलग्याचं. तो दहा वर्षांचा आहे. पाला टांगल्याशिवाय त्याला नाश्ता मिळत नाही असं नाही, पण तो स्वतःच आधी गोठ्यात जातो.

आईंचं (माझ्या सासूबाई) वय 74. त्यांना वाकवत नाही, म्हणून नवऱ्याने धारेसाठी लाकडी चौथरा केला. शेळी वर चढते, समोर खुराकाचं घमेलं, मान दोन पट्ट्यांत. आई शेजारी स्टुलावर बसून धार काढतात. आधी गुडघ्यांमुळे त्यांना शेळ्यांचं सगळं सोडायला लागलं होतं आणि त्या गप्प गप्प झाल्या होत्या. आता सकाळी पहिल्या त्याच उठतात.

---

डोंबिवली_ते_कॅरोलायना

आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या ग्रामीण भागात. दोन नायजेरियन ड्वार्फ. बुटकी जात, दूध कमी पण स्निग्धांश भरपूर, दही घट्ट लागतं. शेजारणीकडे न्युबियन आहेत, लांब कान, उंच नाक. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा वाटलं या तर आपल्याकडच्या. आणि आहेतच थोड्याशा, इंग्लंडात ही जात तयार झाली तेव्हा तिकडच्या शेळ्यांवर आफ्रिकेतल्या बोकडांबरोबर भारतातल्या जमनापारीचंही रक्त घातलं गेलं.

रात्री करडं वेगळी, सकाळी एकच धार, ही पद्धत इथे लहान घरांमध्ये सर्रास आहे. आम्ही दोघं नोकरी करतो, त्याशिवाय जमलंच नसतं. कुठे जायचं असेल तर आदल्या रात्री करडं वेगळी करायचीच नाहीत. सगळं दूध तीच पितात. शेजारीण फक्त पाणी-गवत बघते, तिला धार काढावी लागत नाही. नीरेकाठी, तुमच्या लग्नकार्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच पद्धतीत आहे!

चौथऱ्याला अनुमोदन. उंचावर आली की शेळी शांत उभी राहते, आणि मुलांनाही शिकवता येतं. माझी मुलगी त्यावरच शिकली. मी तिला आधी पाण्याने भरलेल्या रबरी हातमोज्यावर सराव दिला होता. ओढायचं नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाने सडाचं मूळ बंद करायचं, म्हणजे दूध वर परतत नाही, मग एकेक बोट खाली मिटत यायचं. लहान हातांना बुटक्या शेळीचे सड बरोबर बसतात.

---

पशुवैद्यक

चर्चा वाचतोय, आनंद होतोय. मी सरकारी दवाखान्यात काम करतो. घर आणि गोठा एकत्र असतो तिथे काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

घरात कुणी गरोदर असेल तर तिने शेळीचं बाळंतपण करू नये, वार उचलू नये, गाभडलेलं करडू तर अजिबात हाताळू नये. ब्रुसेलोसिससारखे आजार अशा वेळी माणसाला होतात. इतरांनीही हातमोजे घालावेत, वार खोल पुरावी, कुत्र्यांना मिळू देऊ नये. आणि दूध उकळूनच प्यायचं. धारोष्ण दूध मुलांना पाजण्याची हौस अजून पुष्कळ घरांत आहे, ती सोडा. न उकळलेल्या दुधातूनही हाच आजार येतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि निदान व्हायला फार वेळ जातो.

धारेच्या आधी हात आणि कास कोमट पाण्याने पुसून कोरडी करा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घ्या. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, काळ्यावर गुठळी किंवा पाणचटपणा लगेच दिसतो. कास गरम, कडक, शेळी हात लावू देत नाही, म्हणजे कासदाह सुरू झाला. त्याच दिवशी दवाखाना गाठा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

लसी: पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा आजार), आंत्रविषार, लाळ्या-खुरकूत. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी झालीच पाहिजे, कारण कोवळं गवत फुटलं की तो आजार येतो आणि धष्टपुष्ट करडू संध्याकाळी खेळत असतं, सकाळी गेलेलं असतं. पहिल्यांदाच देत असाल तर साधारण पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा. जंताचं औषध डोळे झाकून दर महिन्याला पाजू नका, त्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात. खालची पापणी उलटून बघा. लालबुंद असेल तर ठीक, फिकट पांढुरकी असेल तर बहुधा रक्त पिणारा जंत पोटात आहे. जबड्याखाली सूज आली तर वेळ फार थोडा असतो.

ज्वारीचे कोवळे फुटवे आणि पाण्याअभावी सुकत चाललेलं ज्वारीचं पीक शेळ्यांना लागू देऊ नका. किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि धावपळ करायलाही वेळ मिळत नाही. बागेत कण्हेर असेल तर छाटलेल्या फांद्या गोठ्याच्या आसपास टाकू नका.

---

तुळशीमाळ

नर करडांवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर माळकरी. सासरे वारी करतात. शेळ्या पाळायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न त्यांनीच विचारला: "निम्मी करडं बोकड होणार. त्यांचं काय?" दुधाचं जनावर पाळायचं तर हा प्रश्न टाळता येत नाही. शेळी व्याल्याशिवाय दूध नाही, आणि वेतात पाटी किती, बोकड किती हे आपल्या हातात नाही. गायीच्या बाबतीतही तो आहेच, शेळीच्या बाबतीत फक्त लवकर दारात येतो.

आम्ही आठवडाभर घरात यावर बोललो. सगळे बोकड जन्मभर सांभाळणं तीस-चाळीस गुंठ्यांत शक्य नाही. शेवटी असं ठरलं की एकच शेळी ठेवायची, आणि बोकड झाला तर गावातल्याच एका धनगर कुटुंबाला द्यायचा. ते चांगल्या दुधाच्या शेळीचा बोकड पैदाशीसाठी ठेवतात. प्रत्येक वेळी ते त्यांना हवे असतात असं नाही. नको असला की तो बाजारात जातो, आणि पुढे काय होतं हे आम्हाला माहीत आहे. सासऱ्यांनी ते पैसे घरात घेतले नाहीत, शेळीच्याच खुराकाला लावले. सगळ्यांना हे पटेल असं नाही. पण उत्तर ठरवल्याशिवाय शेळी दारात आणू नये, एवढं मला आवर्जून सांगायचंय.

मुलगा आठ वर्षांचा. त्याने बोकडाचं नाव ठेवलं होतं. आम्ही त्याला खोटं सांगितलं नाही. तो दोन दिवस जेवताना बोलला नाही, मग आजोबांनी त्याला जवळ घेऊन सगळं समजावलं.

---

बालाघाट

माउली, तुम्ही मनापासून लिहिलंत. आमच्याकडे खाणारं घर, तरीही आई बोकडाचं नाव ठेवू द्यायची नाही. पाटीला नाव, बोकडाला नाही. मुलांना त्रास कमी होतो.

---

तुळशीमाळ

दादा, मला ते जमणार नाही. जो जितके दिवस आपल्याकडे आहे तितके दिवस त्याला नाव असावं असं मुलाचंही म्हणणं आहे आणि माझंही.

---

कुकडीकाठ

जुन्नर. आमच्याकडचा पहिला प्रश्न बिबट्या, बाकी सगळं नंतर. ऊस घरापर्यंत आलेला, आणि बिबट्याला शेळी म्हणजे तयार ताट. गोठ्याला भिंती आहेत आणि वर मोकळं आहे असा गोठा इथे चालत नाही. छतापर्यंत जाड जाळी, दाराला कडी आणि कुलूप, रात्रभर बाहेर दिवा. करडं वेगळी ठेवायची जाळीसुद्धा त्याच बंद गोठ्याच्या आत हवी, नीरेकाठी, तुमची बाहेर असेल तर बघा.

मुलांकडून शेळ्यांची कामं करून घ्यायची तर दिवसा. आमच्याकडे नियम आहे, दिवेलागणीनंतर गोठ्याकडे मूल एकटं जाणार नाही. मोठं माणूस, हातात बॅटरी, मोबाइलवर गाणं मोठ्याने. दुर्दैवाने शेळी गेलीच तर लगेच वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका, नाहीतर भरपाई अडकते. कानात टॅग असला तर कागदपत्रं सोपी जातात.

---

पाहुणा_पुणे

विषयांतराबद्दल माफी. पुण्यात नातेवाइकाला डेंग्यू झालाय, प्लेटलेट कमी आहेत, शेळीचं दूध द्या असं सगळे सांगताहेत. इथे फार महाग आहे आणि मिळतही नाही. भोरच्या ताई देऊ शकतील का?

---

नीरेकाठी

@पाहुणा_पुणे, त्यांना लवकर बरं वाटो. आमच्याकडे आत्ता दोन्ही शेळ्या आटलेल्या आहेत, नाहीतर पैसे न घेता दिलं असतं. पण दुधासाठी धावपळ करण्यापेक्षा रुग्णाजवळ बसा, पाणी-पेज पोटात जातेय ना ते बघा. डॉक्टर, तुम्ही सांगाल का?

---

पशुवैद्यक

मी माणसांचा डॉक्टर नाही, पण हे दरवर्षी पाऊस संपता संपता सुरू होतं, म्हणून सांगतो. शेळीच्या दुधाने डेंग्यूत प्लेटलेट वाढतात याला भक्कम पुरावा नाही. त्या आजारात प्लेटलेट आधी उतरतात आणि बहुतेकांच्या काही दिवसांत आपोआप चढतात. त्याच दिवसांत दूध पाजलेलं असतं, म्हणून श्रेय दुधाला जातं. रुग्णाच्या शरीरात पाणी टिकवणं आणि ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस लक्ष ठेवणं महत्त्वाचं. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय. आणि कच्चं दूध पाजू नका, आधीच आजारी माणसाला दुसरा आजार नको.

---

सईची_मावशी

इथेच विचारते. बहिणीचं बाळ आठ महिन्यांचं. तिला दूध कमी येतं. घरातले म्हणतात शेळीचं दूध पचायला हलकं, आईच्या दुधासारखंच, सुरू कर. खरं आहे का?

---

पशुवैद्यक

नको. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाच्या जागी कुठल्याच जनावराचं दूध द्यायचं नसतं, शेळीचंही नाही. शेळीच्या दुधात फोलेट फार कमी असतं. फक्त त्यावर वाढवलेल्या बाळांना एका विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होतो, आणि हे वैद्यकशास्त्राला कित्येक दशकांपासून माहीत आहे. दूध कमी येत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळ आठ महिन्यांचं आहे, वरचं अन्नही सुरू असायला हवं.

मोठ्या मुलांना, उकळून, जरूर द्या. त्यातल्या स्निग्धाचे कण बारीक असतात, त्यामुळे काहींना हलकं वाटतं. दुग्धशर्करा न पचणाऱ्यांना मात्र हेही त्रास देणारच, ती यात जवळजवळ तेवढीच असते.

---

सईची_मावशी

धन्यवाद डॉक्टर. बहिणीला हेच वाचायला देते.

---

कातळसडा

दुधावरून आठवलं. शेळीच्या दुधाला वास येतो म्हणून पुष्कळ घरांत मुलं पीत नाहीत आणि मग शेळ्याच विकल्या जातात. बोकड त्याच गोठ्यात असला तर वास येतोच, नीरेकाठींकडे बोकड नाही हे त्या दृष्टीनेही चांगलं. शिवाय धार काढल्या काढल्या फडक्यातून गाळून भांडं गार पाण्यात ठेवा, मग सावकाश उकळा. तासभर कोमट राहिलं की चव बदलते. साय पातळ येते, लोण्याची आशा धरू नका. पनीर मात्र मऊ होतं.

---

नीरेकाठी

चिकाचा विषय कुणी काढला नाही. आमच्याकडे शेळी व्याली की सासूबाईंना खरवस हवा असतो, शेजारीही वाट बघत असतात. पहिल्या वेताच्या वेळी आमच्यात यावरून थोडं बोलणं झालं. मी म्हटलं, पहिला चीक करडाचा. तासाभराच्या आत त्याच्या पोटात गेला पाहिजे, कारण आईच्या पोटात असताना त्याला रोगांशी लढायची ताकद मिळालेली नसते, ती सगळी चिकातून येते. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एक चांगली तोड काढली. करडं पोटभर प्यायल्यावर दुसऱ्या दिवशीचं उरलेलं थोडं दूध आणि त्यात गवळ्याकडचा गायीचा चीक, असा खरवस झाला. वेलची-गूळ घालून. आता तीच पद्धत ठरून गेली आहे, आणि करडू उभं राहून सडाला लागेपर्यंत गोठ्यातून हलत नाहीत त्या सासूबाईच.

वाटून घेतलेली कामं लिहायची राहिली. धार माझी. नवरा दिवसपाळीला असला की चारा आणि झाडलोट त्याची, रात्रपाळीला असला की ती संध्याकाळवर. खुराक सासूबाईंकडे, दुभतीला मका भरडा आणि शेंगपेंड मिळून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, चिमूटभर मीठ आणि क्षार मिश्रण. भरड्याचा डबा कायम कडी लावलेला, ही त्यांची शिस्त आहे. शेळी सुटून एकदम धान्य खाल्लं तर पोट आंबून मरते. धाकटा पाण्याची बादली भरलीय का ते बघून ओरडून सांगतो. चार वर्षांच्या मुलाला तेवढं काम पुरे, आणि दुभत्या शेळीला पाणी कमी पडलं की दूध लगेच उतरतं, म्हणून ते काम लहान नाही.

@कुकडीकाठ, जाळी गोठ्याच्या आतच आहे. आमच्या बाजूलाही बिबट्याच्या बातम्या येतात, छताची जाळी या दिवाळीआधी करून घेतो.

मे महिन्यात नणंदेच्या मुलाचं लग्न कोल्हापूरला आहे. तेव्हा फेब्रुवारीत व्यालेली दुधावर असेल. कॅरोलायनाच्या ताईंनी सांगितलं तसं करडं आईजवळच सोडून जाऊ. चारा-पाण्याला वाडीतल्या एका काकी तयार आहेत. त्यांच्या नातवाला मी दोन महिने गणित शिकवणार आहे, हे त्यांनीच सुचवलं.

---

डोंबिवली_ते_कॅरोलायना

हे उत्तम! एकच सांगते, परत आल्यावर पहिल्या रात्री करडं वेगळी केली की फार ओरडतील. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. दोन रात्रींत शांत होतात.

---

बालाघाट

ताई, तुमच्या पाटीचं वय काय? वर्षाची आणि 22-25 किलोच्या पुढे असेल तरच भरवा, नाहीतर वाढ खुंटते. आणि एक विचारायचं होतं. आमच्या पाहुण्यांकडे पहिल्या वेताची उस्मानाबादी आहे, जुळ्या पाटी खाली. त्यांना शहरात जायचंय, चांगल्या घरी द्यायचीय, बाजारात न्यायची नाही. माळकरी माउलींना किंवा तुम्हाला हवी असेल तर बोला.

---

तुळशीमाळ

दादा, दोन पाटींसकट? आमचं एकच ठेवायचं ठरलंय. सासऱ्यांशी बोलून उद्या सांगते.

---

पशुवैद्यक

कुणीही घ्या, पण नवीन शेळी आणली की तीन आठवडे तरी जुन्यांपासून वेगळी बांधा, वेगळं पाणी, वेगळं घमेलं. निघायच्या आधी पीपीआरची लस झालीय का आणि टॅग क्रमांक काय ते विचारून घ्या. तुळजापूरहून गाडीने आणायची तर पहाटे निघा, करडं आईबरोबरच ठेवा आणि उतरल्यावर आधी पाणी आणि कोरडा चारा, खुराक दुसऱ्या दिवशी.

---

तुळशीमाळ

सासरे म्हणाले, पाटीच आहेत तर आण. गोठा एका शेळीपुरता आहे, या रविवारी वाढवायला घेतोय. @कातळसडा, मचाणाच्या फळ्यांचं माप आणि फटीचा अंदाज इंचात सांगाल का? आमच्याकडे सुपारी नाही, बांबू चालेल ना?

---

कातळसडा

बांबू चालेल, उभा चिरून पाठ वर ठेवा, आणि पाय घसरत नाहीत ना ते आधी स्वतः चालून बघा. फट अर्धा इंच ते पाऊण इंच, करडं असतील तिथे अर्धाच. जागा प्रत्येक मोठ्या शेळीला 10-12 चौरस फूट धरा. फोटो काढून उद्या सकाळी टाकते.